नंबर घातलेली टिपणं

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगण्यासारखं काही नाही, आळस. पण गेल्या महिन्यात माळा आवरायला काढला आणि एका जुन्या फायलीत पिवळा पडलेला एक झेरॉक्स सापडला. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. थोडा तांत्रिक आहे, पण घरची मंडळीही वाचतात हे लक्षात ठेवून लिहितो. ताई, तुला कंटाळा आला तर मधला भाग सोडून दे, शेवट मात्र वाच.

तर तो झेरॉक्स. वर डाव्या कोपऱ्यात ‘टिपण क्र. ४७’, खाली आमच्या साहेबांची बारीक, उजवीकडे झुकलेली सही. मी १९८८ साली नोकरीला लागलो तेव्हा आमच्या कंपनीत एक छोटीशी टेस्टिंगची खोली होती, तांब्याच्या जाळीने मढवलेली. आम्ही कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनेल बनवायचो आणि ती पॅनेल आजूबाजूच्या विजेच्या गोंगाटात टिकतात की नाही हे त्या खोलीत बघायचो. गोंगाट म्हणजे काय? पूर्वी घरात मिक्सर लावला की रेडिओवर खरखर यायची आणि टीव्हीवर मुंग्या धावायच्या, आठवतंय? तोच प्रकार, फक्त शंभरपट मोठा. साहेबांची एक सवय होती. काहीही नवीन सापडलं, भले ते आमचीच चूक असो, की ते एका निळ्या रजिस्टरात एक पानी टिपण लिहायचे आणि त्याला नंबर द्यायचे. आम्ही पोरं त्यांना हसायचो.

साहेब निवृत्त झाले. १९९९ साली कंपनी दुसऱ्या जागी गेली आणि ती निळी रजिस्टरं रद्दीत गेली. कुणी मुद्दाम केलं नाही. ट्रक भरताना कुणीतरी विचारलं, “हे काय?” आणि कुणीतरी म्हणालं, “जुनं आहे.” झालं. (त्या कुणीतरीमध्ये मीही होतो हे आज कबूल करतो.)

२००३ साली आमचं एक पॅनेल गिऱ्हाइकाकडे सारखं आपोआप रिसेट व्हायला लागलं. जवळचा मोठा कॉन्टॅक्टर पडला की पॅनेल बंद. सहा आठवडे आम्ही तिघं जण त्यामागे होतो. शेवटी कारण सापडलं ते असं: केबलचं शील्ड पॅनेलच्या आत वीतभर आणून मग एका लांब वायरने अर्थ केलं होतं. ते केबल जिथे आत शिरते तिथेच, पत्र्याशी, चहूबाजूंनी जोडायला हवं होतं. ते केलं आणि त्रास थांबला.

माळ्यावर सापडलेलं टिपण क्र. ४७ नेमकं हेच सांगतं. तारीख १९९१.

आता मूळ विषयाकडे येतो. त्या सहा आठवड्यांनंतर काही वर्षांनी, नेटवर केबलच्या शील्डबद्दल काहीतरी शोधताना मला टिपणांची एक भली मोठी यादी सापडली. प्रत्येकाला नंबर. पहिलं टिपण १९६४ सालचं. शेकड्यांनी टिपणं, वेगवेगळ्या मालिका: सेन्सर आणि सिम्युलेशनची टिपणं, इंटरॅक्शनची टिपणं, गणिताची टिपणं, मोजमापाची टिपणं. मला आमच्या साहेबांचं निळं रजिस्टर आठवलं. फरक एवढाच, की हे रजिस्टर रद्दीत गेलं नव्हतं. कुणी सांभाळलं असेल हे, आणि कशासाठी? तेव्हापासून मी जमेल तसं वाचत गेलो. हाय-पॉवर इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स, म्हणजे अतितीव्र विद्युतचुंबकीय लहरींचा अभ्यास करणाऱ्या मंडळींचा हा इतिहास. मला समजला तसा सांगतो.

सुरुवात एका स्फोटापासून होते. ८ जुलै १९६२, हवाईमध्ये रात्रीचे अकरा. प्रशांत महासागरातल्या जॉन्स्टन बेटावरून अमेरिकेने एक अणुबॉम्ब रॉकेटने वर पाठवला आणि ४०० किलोमीटर उंचीवर, म्हणजे वातावरणाच्याही पार वर, त्याचा स्फोट केला. ‘स्टारफिश प्राइम’ हे त्या चाचणीचं नाव, क्षमता १.४ मेगाटन. होनोलुलू तिथून सुमारे १४५० किलोमीटर दूर. चाचणीची घोषणा आधी झालेली होती, त्यामुळे लोक चक्क गच्च्यांवर जमून बघत होते. आवाज नाही, धक्का नाही, नुसतं आकाश लाल-हिरवं झालं. आणि त्याच क्षणी ओआहू बेटावरचे रस्त्यावरचे सुमारे ३०० दिवे गेले. काही ठिकाणी चोरघंटा वाजायला लागल्या. काउआई बेटाकडे जाणारा टेलिफोनचा मायक्रोवेव्ह दुवा तुटला.

आता ३०० दिवे म्हणजे शहराच्या मानाने फार नाहीत. एकूण दिव्यांपैकी शंभरात एक ते तीन. सिनेमात दाखवतात तसं सगळं शहर अंधारात बुडालं वगैरे काही झालं नाही. पण शास्त्रज्ञांची झोप उडाली ती वेगळ्या कारणाने. अणुस्फोटातून विद्युतचुंबकीय झटका निघतो हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. १९४५ च्या पहिल्या चाचणीच्या वेळीच एन्रिको फर्मींनी तसा अंदाज केला होता, आणि त्यामुळे उपकरणांना आडोसा केला होता. पण स्टारफिशचा झटका अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा निघाला. इतका, की मोजायला लावलेली बरीच उपकरणं आपल्या मोजपट्टीच्या बाहेर गेली. म्हणजे घटना घडली, पण ती नेमकी किती मोठी होती हे मोजताच आलं नाही!

याचं उत्तर लॉस अलामोसच्या कॉनरॅड लाँगमायर यांनी १९६३ मध्ये शोधलं. सोप्या भाषेत असं: स्फोटातून निघालेले गॅमा किरण खाली येतात आणि जमिनीपासून २० ते ४० किलोमीटर उंचीवर हवेच्या रेणूंवर आदळून इलेक्ट्रॉन उडवतात. हे इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सुटतात आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सापडून वळतात. वळणारा इलेक्ट्रॉन लहरी सोडतो. असे असंख्य इलेक्ट्रॉन एकाच तालात वळले की सगळ्यांच्या लहरी मिळून एक प्रचंड झटका तयार होतो. तो काही नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही अब्जांश भागात, शिखराला पोचतो. पुढे जे प्रमाण ठरलं त्यात हे शिखर मीटरला ५० हजार व्होल्ट धरलं आहे. विजेच्या लोळापासून वाचवणारी नेहमीची साधनं जागी होईपर्यंत हा पाहुणा घरात शिरून बाहेरही पडलेला असतो.

लाँगमायर यांनी १९६३-६४ मध्ये अल्बुकर्कीच्या कर्टलंड तळावर वायुदलाच्या प्रयोगशाळेत याच विषयावर व्याख्यानं दिली. लॉस अलामोसपासून हे दीडएकशे किलोमीटरवर. त्याच सुमारास त्या प्रयोगशाळेत कॅलटेकमधून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण अधिकारी आला होता. वय २३. नाव कार्ल बाउम. टिपणांचं रजिस्टर ज्याने सुरू केलं तो हाच.

त्या काळातली अडचण बघा. ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्कोत करार झाला आणि हवेत, अवकाशात, पाण्याखाली अणुचाचण्या बंद झाल्या. जगासाठी ती आनंदाचीच गोष्ट. पण या लोकांसमोर पेच असा, की ज्या झटक्याचा अभ्यास करायचा तो पुन्हा कधी बघायलाच मिळणार नाही. जो एकदा मिळाला होता तोही नीट मोजला गेला नव्हता. मग राहिलं काय? गणित, आणि खोटा झटका तयार करण्याची यंत्रं.

खोटा झटका तयार करायची मूळ युक्ती १९२४ सालची, एर्विन मार्क्स या जर्मन अभियंत्याची. बरेच कपॅसिटर शेजारी शेजारी (पॅरललमध्ये) चार्ज करायचे आणि मग ठिणगीने एका झटक्यात एकामागे एक (सिरीजमध्ये) जोडायचे. सगळ्यांचे व्होल्ट बेरजेत येतात. भिशीसारखं आहे. प्रत्येकाने थोडं थोडं घातलं आणि एकाला एकदम रक्कम मिळाली. इंग्लंडमध्ये ऑल्डरमास्टनला चार्ली मार्टिन यांच्या गटाने १९६० च्या दशकात यातून कमी खर्चात अतिवेगवान झटके देणारी यंत्रं बनवली. तिकडे सायबेरियात टॉम्स्कला गेनाडी मेस्यात्स यांचा गट त्याच मार्गावर होता. वेगवेगळे देश, वेगवेगळी गुपितं, पण समोरचा निसर्ग एकच.

बाउम यांनी १९६४ मध्ये टिपणांची मालिका सुरू केली ती या पार्श्वभूमीवर. विचार साधा होता. विषय नवीन आहे, माणसं विखुरलेली आहेत. कुणी विद्यापीठात, कुणी कंपनीत, कुणी सैन्यात. नियतकालिकात लेख छापून यायला वर्ष-दीड वर्ष जातं. तर जे कळलं ते लिहा, नंबर घाला, वाटा. आणि दुसरा विचार, जो मला जास्त मोठा वाटतो: बॉम्बची माहिती गुप्त ठेवावी लागते, पण मॅक्सवेलची समीकरणं गुप्त कशी ठेवणार? म्हणून बॉम्बचा भाग एका कपाटात आणि लहरींचं गणित दुसऱ्या, उघड्या कपाटात. सुरुवातीची काही टिपणं गुप्त होती, पण बहुतेक सगळी उघडी राहिली. लष्करी तळावर बसून, शीतयुद्ध ऐन भरात असताना, असं उघडं कपाट चालवणं सोपं नसणार.

त्या कपाटात काय काय आहे याचे दोन नमुने देतो, कारण ते मला फार आवडतात.

पहिला १९७१ चा. स्वयंपाकघरात भांडं पडलं की आई बाहेरच्या खोलीतून सांगायची, “ती वाटी नाही, पातेलं पडलं.” तिला कसं कळायचं? प्रत्येक भांड्याचा स्वतःचा नाद असतो. कुठूनही, कसंही आपटा, नाद तोच, फक्त कमीजास्त. बाउम यांनी दाखवलं की विद्युतचुंबकीय झटका बसल्यावर विमान, तार, क्षेपणास्त्र, काहीही असो, असाच आपला आपला ‘नाद’ काढतं. तो नाद वस्तूच्या आकारावर ठरतो, झटका कुठल्या दिशेने आला यावर नाही. त्यामुळे भयंकर किचकट उत्तर थोड्याशा संख्यांत मांडता येतं, आणि उलट, नादावरून वस्तू ओळखताही येते.

दुसरा नमुना म्हणजे किचकट यंत्राचं रक्षण कसं करायचं याचा विचार. आपल्या जुन्या वाड्यासारखं समजा. आधी दिंडी दरवाजा, मग चौक, मग माजघर, आत देवघर. चोर भिंतीतून येत नाही, दारातून येतो. तसंच यंत्राचं. एकात एक असे कप्पे करा आणि प्रत्येक कप्प्याच्या भिंतीत जिथे जिथे भोक आहे, जिथे जिथे तार आत शिरते, तिथेच बंदोबस्त करा. आत येऊ देऊन मग धरू नका. आमचं टिपण क्र. ४७ आणि आमचे वाया गेलेले सहा आठवडे हे याच तत्त्वाचं छोटं पिल्लू. हे वाचलं तेव्हा मला लाजही वाटली आणि साहेबांचा अभिमानही.

गणित झालं, आता यंत्र. अल्बुकर्कीला एकाहून एक मोठी यंत्रं झाली, पण सगळ्यांत नवलाचं ‘ट्रेसल’. आख्खं बी-५२ बॉम्बर विमान खोट्या झटक्यात उभं करायचं, आणि तेही जमिनीवर नव्हे, तर हवेत उडत असल्यासारखं. खाली धातू असेल तर लहरी वळतात, परततात, मोजमाप खोटं पडतं. म्हणून त्यांनी सुमारे १२ मजले उंचीचा मचाण बांधला तो लाकडाचा. फळ्या चिकटवून केलेल्या अजस्र तुळया, नटबोल्टसुद्धा लाकडाचे नि फायबरग्लासचे. १९७२ ते १९८० काम चाललं, खर्च सुमारे ६ कोटी डॉलर. दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास लाख व्होल्टचे मार्क्स जनरेटर. विमान ओढत वर न्यायचं, मचाणाच्या टोकाला उभं करायचं आणि झटका द्यायचा. १९९१ मध्ये, शीतयुद्ध संपल्यावर, ते बंद झालं. माझी भाची तिकडे असते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, “मामा, मी रोज त्या बाजूने जाते, मला कुणी सांगितलंच नाही!” मग तिने गूगल अर्थवर शोधून दाखवलं. वाळवंटात एक लाकडी जंगल. जगातलं सर्वांत आधुनिक भय मोजायला माणसाला सुतार लागला, याची गंमत वाटते.

१९७८ मध्ये अल्बुकर्कीलाच या लोकांची पहिली स्वतंत्र परिषद भरली. तिच्या नावात ‘न्यूक्लियर’ होतं. हळूहळू स्वीडन, स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी इथली मंडळी येऊ लागली. पण अर्धं जग गैरहजर होतं. सोव्हिएत संघ. तिथे काय चाललंय हे फक्त अंदाजाने माहीत होतं. गंमत म्हणजे अणुस्फोटातून निघणाऱ्या रेडिओ लहरींवर उघड लेख लिहिणाऱ्या पहिल्या काहींमध्ये एक सोव्हिएत शास्त्रज्ञच होते, कोम्पानेयेत्स, १९५८ साली. नंतर मात्र दार बंद.

हे दार उघडलं ते जून १९९४ मध्ये, फ्रान्समधल्या बोर्दोला. परिषदेचं नाव आता ‘युरोएम’ झालं होतं, ‘न्यूक्लियर’ मागे पडलं होतं. तिथे रशियाचे जनरल व्लादिमीर लोबोरेव यांनी बत्तीस वर्षं दडवलेली गोष्ट सांगितली. २२ ऑक्टोबर १९६२ रोजी सोव्हिएत संघाने कझाकस्तानवर सुमारे २९० किलोमीटर उंचीवर ३०० किलोटनांचा स्फोट केला होता. स्टारफिशच्या जेमतेम पाचवा हिस्सा. पण स्टारफिश झाला होता निर्जन समुद्रावर, आणि हा झाला माणसांच्या वस्तीवर. ५७० किलोमीटरच्या टेलिफोन लाइनवरचे फ्यूज उडाले. जवळपास मीटरभर खोल पुरलेली, हजार किलोमीटर लांबीची विजेची केबल बंद पडली. कारागंडाच्या वीजकेंद्रात आग लागली.

तारखेकडे पुन्हा बघा. त्याच दिवशी संध्याकाळी वॉशिंग्टनला केनेडींनी क्यूबातल्या क्षेपणास्त्रांबद्दल भाषण केलं. आणि दोनच दिवस आधी, २० ऑक्टोबरला, चीनने आपल्यावर हल्ला केला होता. माझे वडील त्या आठवड्याच्या आठवणी सांगायचे. रेडिओभोवती बसलेली माणसं, सोनं दान करणाऱ्या बायका. त्याच आठवड्यात कझाकस्तानात कुणीतरी फोन उचलून “हॅलो, हॅलो” करत होतं आणि तार मेली होती. का मेली हे त्या माणसाला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. ही माहिती त्याच्या देशाने लपवली होती, जशी अमेरिकेने स्वतःच्या चाचण्यांची बरीच माहिती लपवली होती.

बोर्दोच्या त्या सभागृहात समोर बसलेले लोक आयुष्यभर त्या जनरलच्या बॉम्बविरुद्ध विमानं घट्ट करत आले होते. आणि आता तोच माणूस त्यांना हवी असलेली आकडेवारी देत होता. लांब तारांवर या झटक्याचा मंद, लांबलेला भाग काय करतो हे समुद्रावरच्या चाचणीतून कळणं अवघडच होतं. ते कझाकस्तानच्या तारांनी सांगितलं. १९९८ मध्ये रशियन गटाने त्या लांब लाइनींवरचा सविस्तर निबंध अमेरिकेतल्या नियतकालिकात छापला. तो आजही उपयोगी आहे, आणि नुसता बॉम्बसाठी नाही. सूर्यावरच्या वादळांनी लांब वीजवाहिन्यांत असाच मंद प्रवाह येतो. मार्च १९८९ मध्ये अशाच एका वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते.

पुढचं थोडक्यात. भय बदललं तसं या समूहाचं काम बदललं. बॉम्ब मागे पडला आणि प्रश्न आला की एखादा गुन्हेगार छोट्या यंत्राने बँकेचे, विमानतळाचे, रुग्णालयाचे संगणक बिघडवू शकेल का? १९९९ मध्ये टोरोंटोला आंतरराष्ट्रीय रेडिओ विज्ञान संघाने अशा गुन्ह्यांबद्दल जगाला सावध करणारा ठराव केला. मग प्रमाणं आली. २००५ च्या प्रमाणात मीटरला १०० व्होल्टच्या वरचं क्षेत्र ‘हाय-पॉवर’ मानलं गेलं. याच लोकांनी बनवलेले अँटेना पुरलेले सुरुंग शोधायला वापरले गेले. काही जण नॅनोसेकंदांच्या झटक्यांनी त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी मारता येतील का हे बघू लागले. अमेरिकेत ओल्ड डोमिनियन विद्यापीठात हे काम चाललं, आणि बाउमही उतारवयात त्यासाठी अँटेनाचं गणित करत होते.

भारताचा यात वाटा आहे. डी. व्ही. गिरी हे बंगळुरूच्या आयआयएससीतून हार्वर्डला गेलेले अभियंते. बाउम यांच्याबरोबर त्यांनी खूप काम केलं. या विषयावर आज जी पुस्तकं वाचतात त्यांतली काही त्यांची आहेत. २०१७ मध्ये या समूहाची आशियाई परिषद बंगळुरूला भरली. आपल्या ट्रॉम्बेला बीएआरसीत ‘काली’ नावाची इलेक्ट्रॉन झोताची यंत्रं झाली. नाव किलो अँपियर लिनियर इंजेक्टरचं संक्षिप्त रूप, पण नावामुळे दर काही वर्षांनी कुणीतरी तिला शत्रूची क्षेपणास्त्रं जाळणारं अस्त्र करून टाकतं. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही तो मेसेज फिरून गेलाय. मंडळी, ते प्रयोगशाळेतलं यंत्र आहे, देवी नाही.

आता एक प्रश्न जो मला सुटलेला नाही. सगळी टिपणं उघडी ठेवली, तर वाईट माणूसही वाचेलच की? या समूहातही यावर वाद झाले असणार. मला एवढंच दिसतं: आमच्या पॅनेलचं शील्ड नीट जोडणारे माझ्यासारखे हजारो जण या उघड्या कपाटावर जगले. बँकेचा, रुग्णालयाचा बचाव करणाऱ्यालाही तेच कपाट लागतं. बंद कपाटाचा फायदा कुणाला झाला हे मात्र मला कारागंडाच्या आगीत दिसत नाही.

बाउम २००५ मध्ये प्रयोगशाळेतून निवृत्त झाले, मग न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवू लागले. डिसेंबर २०१० मध्ये गेले. लाँगमायर त्याच वर्षी गेले. ट्रेसलवर आता विमान चढत नाही. यंत्रं गंजतात, माणसं जातात, लाकूड उन्हात तडकतं. पण त्या मालिकेतलं पहिल्या नंबरचं टिपण मी पुण्यात बसून वाचलं, आणि ज्यांनी ते लिहिलं त्यांच्यापैकी एकालाही मी कधी भेटलो नाही.

आमच्या साहेबांचं रजिस्टर याहून कमी मोलाचं होतं असं मला वाटत नाही. आकाराने लहान होतं, एवढंच. ते वाचवायला काय लागलं असतं? ट्रकमध्ये एक खोकं जास्त. साहेब आता नाहीत, नाहीतर हा झेरॉक्स घेऊन गेलो असतो आणि सहा आठवड्यांची गोष्ट सांगितली असती. ते हसले असते आणि बहुतेक म्हणाले असते, मग याचंही टिपण लिही.

तर लिहितोय. नवीन रजिस्टर आणलंय, निळंच मिळालं. जे जे आठवतंय, जे जे चुकलं, ते एकेका पानावर. भाचीचा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सला आहे, त्याला पाठवणार आहे. त्याला उपयोग होईल की नाही माहीत नाही. कालपर्यंत सहा झाली. पहिल्या पानावर मात्र साहेबांचंच वाक्य न वाक्य उतरवून काढलंय, आणि नंबर बदललेला नाही. ४७.

असो. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर असं काही असेल तर रद्दीवाला यायच्या आत एकदा उघडून बघा.